बाळ लगेच रडलं का

माझी सासू माझी सख्खी आत्या. म्हणजे माझं लग्न आतेभावाशी झालं. आमच्यात ते चालतं, नुसतं चालत नाही तर चांगलं समजतात. मुलगी परक्या घरी जात नाही, सासू बोलली तरी आत्याच बोलते, आणि देण्याघेण्यावरून रुसवे झाले तर ते घरातल्या घरात राहतात. तरीही पत्रिका पाहिली. गोत्र वेगळं होतंच, नाडी वेगळी निघाली, गुण उत्तम जमले. आम्ही शिकलेले लोक असल्यामुळे रक्तगटही तपासून घेतले. एवढं सगळं तपासल्यावर आणखी काही तपासायचं राहिलं असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

वडील माझ्या लग्नाआधीच गेले होते. आई शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकटी राहायची. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. नवरा लोणी काळभोरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, म्हणून आम्ही मांजरीला घर घेतलं होतं. तेव्हा तिथे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ऊस होता आणि पाहुणे आले की विचारायचे, इतक्या लांब का राहता. लहानपणापासून मी नवऱ्याला अरेतुरे करत आले होते. लग्नानंतर चार दिवस अहो म्हणून पाहिलं, पण दोघांनाही हसू यायला लागलं आणि आत्यानंच सांगितलं की पुरे आता.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. त्यात निवडीचा प्रश्न नसतो. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं, आणि मी शनिवार पेठेत आईकडे गेले. आईनं शेजारच्या गल्लीतलं छोटं प्रसूतिगृह ठरवलं. वरच्या मजल्यावर पाच खाटा, खाली डॉक्टरीणबाईंचं घर. अर्ध्या पेठेचे जन्म तिथलेच. माहेरी बाळंतपण म्हणजे त्याची सगळी जबाबदारी माहेरची, हेही त्या नियमातच येतं. चांगलं झालं तर सासरची मंडळी बारशाला येऊन जेवून जातात. वाईट झालं तर काय, ते नियमात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

मुलगी झाली. मला शेवटी कसलंसं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे तो जन्म मला आठवतच नाही. नवरा त्या दिवशी लोणीला परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होता, आत्या मांजरीला. दाराबाहेर एकटी आई होती.

तीन महिन्यांनी मुलीला घेऊन मी मांजरीला आले. तिच्या पाठीखाली, कमरेच्या जरा खाली दोन्ही बाजूंना चरबीच्या गुबगुबीत गाद्या होत्या. आत्या मालिश करताना त्यांवर हात फिरवायची आणि म्हणायची, बघा कसं बाळसं धरलंय. छातीची बोंडं आत ओढल्यासारखी होती. ते मोठेपणी सुटेल म्हणाली. डोळे जरा तिरळे होते, तेही सुटेल. दूध प्यायला तासन्‌तास लागायचे आणि प्यायलेलं निम्मं बाहेर यायचं. पोर मात्र हसरं होतं. कोणीही वाकून बघितलं की हसायची. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी मांजरीचीच बाई म्हणायची, “लई गुणाची हाय, रडून माहीत न्हाई.” ते खरंच होतं.

सहा महिने झाले, मान धरेना. आठ झाले तरी नाही. उचलून घेतलं की डोकं मागे लटकायचं आणि प्रत्येकजण आपसूक हात पुढे करायचा. आमच्या घरात सगळ्यांनाच ती सवय लागली, बोलता बोलता हात तिच्या मानेखाली जायचा. शेवटी डेक्कनजवळच्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी, नवरा, आत्या आणि आई, असे चौघे. पुण्यात डॉक्टरांकडे चौघे गेले की डॉक्टर आधी तिघांकडे रागानं बघतात, तसं त्यांनी बघितलं. मग मुलीला तपासलं. हातपाय हलवून पाहिले, हातोडीनं गुडघे ठोकले. आम्हाला विचारलं, तुमचं नात्यातलं लग्न आहे का. आम्ही हो म्हणालो.

“मग एक नीट आठवून सांगा,” ते म्हणाले. “जन्मल्याबरोबर बाळ लगेच रडलं का? उशिरा रडलं असेल तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, एवढंच. लगेच रडलं असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल. मग तुम्हालाही पुढच्या मुलाचा विचार करताना थांबावं लागेल.”

उत्तर फक्त आईला माहीत होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, पदर हातात घेऊन.

“नाही,” ती म्हणाली. “जरा वेळ लागला. बरंच थोपटावं लागलं पाठीवर.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. झालं. आमच्या मुलीला काय झालं आणि कोणामुळे झालं, ते दोन्ही त्या एका वाक्यात ठरलं. बाहेर येऊन रिक्षा केली. रिक्षात बसताना आत्या एवढंच म्हणाली, वहिनींना काय, घराजवळचं बरं पडलं. आत्यानं त्यानंतर कधी आवाज चढवला नाही. तिला त्याची गरज नव्हती. कोणाच्या बाळंतपणाचा विषय निघाला की, “अगदी जवळचं हॉस्पिटल बघा हं, म्हणजे चालत जाता येतं,” असं ती आईसमोर म्हणायची आणि चहाचा कप पुढे करायची.

आई ते ऐकून घ्यायची. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन कागद तरी बघू, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, कशाला आता त्या म्हाताऱ्या बाईला त्रास. पुढे त्या बाई मुलाकडे परदेशी गेल्या आणि त्या जागेत कॉम्प्युटर क्लास निघाला. दर रविवारी आई दोन बस बदलून मांजरीला यायची. मुलीला मांडीवर घेऊन भरवायची. तिला एक वाटी भरवायला तासभर लागायचा आणि आई तो तासभर एकदाही घड्याळाकडे बघायची नाही. बाहेरच्या खोलीत बसायची. आत स्वयंपाकघरात बोलावल्याशिवाय यायची नाही. तिच्या नणंदेचं घर होतं ते, आणि लेकीचंही, पण ती तिथे एखाद्या अपराधी माणसासारखी बसायची. मला तिची कीव यायची. तिच्यावर रागही होता, तो मी दाखवायचे नाही इतकंच. एवढं मोठं पुणे सोडून पाच खाटांचं प्रसूतिगृह का शोधलंस, असं माझ्याही मनात येत असे.

मुलगी वाढत गेली. व्यायाम, तेल, पायांना कॅलिपर, डोळ्यांना चष्मा. पाच वर्षांची झाली तेव्हा भिंतीला पाठ टेकवून बसायला लागली. हात पुढे करून एखादी वस्तू धरायला गेली की हात थरथरत भलतीकडेच जायचा. मग ती हसायची. तापाच्या दिवसांत कधी एक बाजू अर्धा दिवस लुळी पडायची आणि पुन्हा यायची. आमच्याशी ती चार-पाच शब्दांत बोलायची. त्यातला ‘ये’ हा शब्द तिला सगळ्यात आवडायचा. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही ती खिडकीतून ‘ये’ म्हणायची.

तोवर बाहेर सगळं बदललं होतं. कंपाउंडपलीकडचा ऊस गेला, तिथे इमारती आल्या आणि त्यांना इंग्रजी नावं आली. धाकटा दीर इंजिनिअर होऊन हिंजवडीला लागला. पहाटे कंपनीची बस त्याला न्यायला यायची. विदर्भाकडून आलेली मुलं खोल्या घेऊन राहायला लागली. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरी कोणीतरी अमेरिकेला चाललेलं असायचं. आमच्या कॉलनीत मुलं भराभर मोठी होत होती आणि सायकली भराभर लहान पडत होत्या. आमच्या घरात मात्र काहीच लहान पडत नव्हतं. मुलीचे कपडे आम्ही वर्षानुवर्षं वापरायचो.

मला धड मूल हवं होतं. हे वाक्य आता लिहिताना कसंसंच होतं, पण तेव्हा मी मनातल्या मनात नेमके हेच शब्द वापरायचे. शाळेतून परतताना पुढे धावत जाणारं, हात सोडला तर रस्ता चुकेल अशी भीती वाटावी असं मूल. आणि आम्ही म्हातारे झालो की मोठीला कोण बघणार, हेही होतंच. पण ते मी दुसऱ्या क्रमांकावरच ठेवते. मुलाची आस पहिली होती.

पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुना कागद काढला, वाचला आणि म्हणाले, तेव्हा ऑक्सिजन कमी पडला होता, तो अपघात होता, दर वेळी थोडंच तसं होतं. या खेपेला चांगल्या मोठ्या ठिकाणी करा, हातात सगळी साधनं असतील. त्या दिवशी आम्ही दोघं परत येताना पहिल्यांदा बाहेर जेवलो.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पुन्हा कशाला? आहे तिचंच नीट करा.” मला ते लागलं. आत्या तिथेच होती. तिनं शांतपणे सांगितलं, “वहिनी, या खेपेला तुम्ही काही ठरवू नका.” नंतर आईनं दोनदा तोच विषय माझ्याकडे काढला, एकदा फोनवर आणि एकदा तुळशीबागेत भर गर्दीत, आणि दोन्ही वेळा अर्ध्यातच सोडला. मला वाटलं, घाबरलीये. स्वतःच्या हातून एकदा वाईट झालं म्हणून आता दुसऱ्यांच्या हातूनही चांगलं व्हायला नको, असंही मला एकदा वाटून गेलं.

दुसऱ्या बाळंतपणाची तयारी आत्यानं लग्नासारखी केली. नव्यानंच निघालेलं मोठं हॉस्पिटल ठरवलं. खाली काचेचा दरवाजा, एकसारख्या साड्या नेसलेल्या मुली, आणि बोलणं इंग्रजीत. सिझेरियनच करायचं, म्हणजे बाळ गुदमरायची भीतीच नको. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले, त्यातला आत्यानं पंचांग बघून एक निवडला आणि वेळही काढून दिली. डॉक्टरांनी ती वेळ पाळली. असं करणाऱ्या आम्ही एकट्याच नव्हतो. माझ्याआधी आणि माझ्यानंतरही त्याच मुहूर्ताच्या बायका होत्या.

मला कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे मी जागी होते. बाळ बाहेर काढलं आणि ते रडलं. लगेच. इतक्या जोरात, की भूल देणारे डॉक्टर हसले आणि म्हणाले, मुलगा झाला, गळा चांगला आहे. मीही हसले, आणि मग मला रडू आलं. सात वर्षं आमच्या घरात त्या एका आवाजाचीच वाट बघितली होती. बाहेर बाकावर सगळे होते. त्यांनाही दारातून ऐकू गेलं. दिरानं टाळी वाजवली म्हणे. आत्यानं देवाला हात जोडले. आई एकदम मटकन खाली बसली, तिला पाणी द्यावं लागलं. सगळ्यांना वाटलं, बिचारीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. त्या दिवशी आत्यानं स्वतः तिला पेढा भरवला.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याला पहिल्यांदा स्वतः न्हाऊ घातलं. तोवर आत्याच घालायची. पायांवर पालथं घेतलं आणि कमरेखाली त्याच दोन गाद्या हाताला लागल्या. सुलटा केला. छातीची बोंडं आत. मी पाणी ओतत राहिले. आत्या शेजारी टॉवेल घेऊन उभी होती, म्हणाली, बहिणीसारखाच गुटगुटीत होणार. मी हो म्हणाले.

मी कोणाला काही सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर लाल खुळखुळा फिरवायचे, डोळे कुठे जातात बघायचे. दर सकाळी दोन्ही हात धरून हळूच उचलायचे, मान येते का बघायचे. कधी मला वाटायचं आली. मग पुन्हा करून बघायचे. पाचव्या महिन्यात एकदा नवरा पेपर तपासत बसला होता, त्याला म्हटलं, ह्याचंही तसंच आहे. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, “मला माहीत आहे. दुसऱ्या महिन्यापासून.” दोघंही एकमेकांना वाचवत होतो. कशापासून, ते आज सांगता येणार नाही.

आता ऑक्सिजनचं कारण चालण्यासारखं नव्हतं. पण मग काय, ते कोणी सांगेना. जुन्या डॉक्टरांनी खांदे उडवले आणि योगायोग हा शब्द वापरला. मी गणिताची बाई. तो शब्द कुठे वापरतात ते मला माहीत आहे, तो तिथे बसत नव्हता. अशीच तीन-चार वर्षं गेली. दिरानं ऑफिसात बसून इंटरनेटवर शोधाशोध केली, छापील पानांचा गठ्ठा आणायचा. त्यातूनच शहरात नव्यानं आलेल्या एक बाई सापडल्या. आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर.

त्यांनी बाळ रडलं का, हे विचारलंच नाही. दोन्ही मुलांचे कपडे काढायला सांगितले. छाती बघितली, कंबर बघितली, डोळे बघितले. मेंदूची चित्रं बघितली, लहान मेंदू दोघांचाही आक्रसलेला होता. मग एक कोरा कागद घेऊन आमची वंशावळ काढली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. माझे वडील आणि आत्या एका आडव्या रेषेवर आले, खालून मी आणि नवरा आलो, आमच्यामध्ये त्यांनी दुहेरी रेघ मारली. मुलांच्या दोन खुणा काळ्या केल्या. आमच्या घरात भिंतीवर लावलेल्या वंशवृक्षापेक्षा ते चित्र फार स्वच्छ होतं.

मुलांचं रक्त कागदाच्या तुकड्यांवर वाळवून परदेशी गेलं. बरेच महिने गेले. मग त्यांनी बोलावलं.

शरीरात प्रथिनं तयार होतात, त्या म्हणाल्या, पण नुसती तयार होऊन भागत नाही. बऱ्याच प्रथिनांवर साखरेच्या रेणूंच्या छोट्या माळा चढवाव्या लागतात, तेव्हाच ती आपलं काम करतात. शर्ट शिवला आणि बटणं लावलीच नाहीत, तर तो शर्टच असतो, पण घालून बाहेर जाता येत नाही. तसं तुमच्या मुलांचं, मेंदूपासून रक्त गोठण्यापर्यंत सगळीकडे. ती माळ करायला लागणारी साखर एका रूपातून दुसऱ्या रूपात आणणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याची जी सूचना जनुकात लिहिलेली असते, त्यात एक अक्षर चुकलंय. प्रत्येकाकडे त्या सूचनेच्या दोन प्रती असतात. एक चुकीची असली तरी दुसरीवर चालतं, माणसाला पत्ता लागत नाही. तुम्हा दोघांकडे एकेक चुकीची आहे, आणि ती तुमच्या एकाच आजोबांकडून किंवा आजीकडून आलेली आहे. मुलांना दोन्ही चुकीच्या मिळाल्या.

नवऱ्यानं त्या साखरेचं नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. तो म्हणाला, मी शिकवतो ती. दर वर्षी फळ्यावर काढतो.

औषध आहे का, मी विचारलं. बाई प्रामाणिक होत्या. याच गटातल्या दुसऱ्या एका आजाराला आहे, त्या म्हणाल्या, एक साखर तोंडानं दिली की त्या मुलांना बरं वाटतं. तुमचा तो नाही. तुमच्या प्रकारात ती देऊन पाहिलेली आहे, उपयोग झालेला नाही. प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता होती, त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर आत्यानं विचारलं, चारांत एक, मग दोघांत दोन कशी झाली? मी तिला समजावलं की मागच्या वेळी काय झालं ते पुढच्या वेळेला माहीत नसतं. वर्गात मी हे नाण्यावर शिकवते, मुली पटकन समजतात. आत्याला पटलं नाही. तिच्या मते आमच्या वाट्याची एक आम्ही आधीच घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून ती मुलांच्या दुधात साखर जास्त घालायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तिचाच बाप, तिचीच आई, तिचाच भाऊ आणि तिचाच मुलगा त्या कागदावर होता. वहिनींना बोलायची तिची सोय गेली होती. ती एकाएकी म्हातारी दिसायला लागली.

त्या सगळ्यात मला एकच गोष्ट चांगली वाटली. निघताना मी डॉक्टरबाईंना मुद्दाम विचारलं होतं, पहिल्या बाळंतपणाचा याच्याशी काही संबंध? त्या म्हणाल्या, काहीही नाही, जगातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात झाली असती तरी हेच. हे मला आईला सांगायचं होतं. इतकी वर्षं ती बाहेरच्या खोलीत बसली, आता तिला उठवून आत आणायचं होतं.

रविवारपर्यंत मी थांबले नाही. धाकट्याला बरोबर घेतलं, रिक्षा केली आणि शनिवार पेठेत गेले. तो तेव्हा चार वर्षांचा होता. दुपारची वेळ होती. आईनं त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या मानेखाली हात घातला. तो तिच्याकडे बघून हसला. मी तिला सगळं सांगितलं, शर्ट आणि बटणांसकट. शेवटी म्हटलं, “आई, तुझ्या हातून काहीही झालेलं नव्हतं. ती उशिरा रडली म्हणून हे नाही झालं.”

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही.

“ती उशिरा नव्हती रडली,” आई म्हणाली.

मला समजेना. तिनं पुन्हा सांगितलं. “लगेच रडली होती. मी दाराशीच होते. याच्यापेक्षाही मोठ्यांदा रडली. दुसऱ्या खेपेला याचा आवाज ऐकला ना, तेव्हा माझे पाय गळाले. तस्साच आवाज होता.”

“मग तू डॉक्टरांना तसं का सांगितलंस?”

“ते म्हणाले, लगेच रडलं असेल तर वेगळा विचार करावा लागेल. वेगळा म्हणजे काय? तुझ्यात काहीतरी आहे असंच की नाही? वन्सं शेजारी बसलेल्या. तुझे वडील नाहीत. मी म्हटलं, माझ्यावर येऊ दे. माझं काय, मी शनिवार पेठेत राहते.”

दोन बस, ती बाहेरची खोली, आत्याचे चहाचे कप, ते सगळं तिनं स्वतः मागून घेतलं होतं, माझ्यासाठी. त्याबद्दल तिचे पाय धरावेत असं मला वाटायला हवं होतं. मला तसं वाटलं नाही. मला तिचा भयंकर राग आला. इतका राग मला कधीच कोणाचा आला नव्हता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की लगेच रडलं असेल तर पुढच्या मुलाचा विचार करताना थांबा. आम्ही थांबलो असतो. नवरा तर नक्की थांबला असता.

“पुन्हा नको, असं म्हणाले होते मी तुला,” आई म्हणाली. “दोन-तीनदा खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग पहिल्यापासून सगळंच सांगावं लागलं असतं. आणि मला वाटलं, देव काय दोनदा करेल का.”

खाली रस्त्यावर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. मग आईनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखादा हिशेब नीट समजून घ्यावा तसं.

“म्हणजे मी तेव्हा खरं बोलले असते, तर हा झालाच नसता?”

“नाही,” मी म्हणाले. “झाला नसता.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, ती तिनं पदरानं पुसली. तो हात वर करून तिच्या चष्म्याला धरायला बघत होता आणि हात थरथरत तिच्या कानावरून जात होता. तिनं मान खाली वाकवून चष्मा त्याच्या हाताजवळ नेला.

“मग बोलायला हवं होतं मी,” ती म्हणाली.

असं म्हणू नकोस, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. तो तिच्या मांडीवर होता, हसत होता.